कीर्द आहे, खतावणी कुठे?

दंतवैद्यकाच्या एखाद्या शाखेत पदव्युत्तर शिक्षण पुरे करून स्वतंत्र व्यवसाय थाटलेल्या माणसाने आपल्या उत्कर्षासाठी दरवर्षी निश्चित ध्येये ठरवावीत, ती कागदावर मांडावीत आणि त्यांची पूर्तता आकड्यांनी सिद्ध करून दाखवावी, असे एक मत गेली काही वर्षे आमच्या व्यवसायबंधूंच्या सभासंमेलनांतून मोठ्या आग्रहाने प्रतिपादले जात आहे. या मताच्या पुरस्कर्त्यांजवळ ध्येयांचे तक्तेही तयार असतात. पहिल्या वर्षी अमुक इतकी दंतरोपणे, दुसऱ्या वर्षी त्यांच्या दुप्पट. तिसऱ्या वर्षी दुसरी खुर्ची, चौथ्या वर्षी त्रिमितीय क्ष-किरण यंत्र, पाचव्या वर्षी जुळे सोलापुरात किंवा होटगी रस्त्यावर शाखा. आणि या सगळ्याच्या जोडीला दरसाल किमान दोन अभ्यासक्रम, ज्यांची प्रमाणपत्रे बाहेर थांबलेल्या रुग्णाच्या नजरेस पडतील अशा बेताने भिंतीवर लावायची.

या मताची बाजू प्रथम न्यायाने मांडली पाहिजे. त्याचे पुरस्कर्ते म्हणतात की, ज्याची मोजदाद होत नाही ते सुधारत नाही. की महाविद्यालय सोडताना हाती असलेले ज्ञान काही वर्षांतच शिळे होते. की सकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठली तर रुग्ण दुपारच्या आत पुण्याच्या दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा सोलापुरातील विशेषज्ञाने हातपाय हलवले नाहीत तर त्याच्या खुर्चीवर धूळ साचेल. यांतले एकही विधान खोटे नाही. व्यवसायात पडल्यावर वाचन थांबवणारा, हाताला नवे वळण लावण्याची तसदी न घेणारा आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या टाचणांवर आजचे उपचार करणारा विशेषज्ञ आमच्याही परिचयाचा आहे आणि त्याची वकिली करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. मोजावे, याबद्दल वाद नाही. काय मोजावे, याबद्दल मात्र वाद आहे, आणि तो किरकोळ नाही.

सोलापूर हे पेढ्यांचे आणि मागांचे गाव असल्यामुळे कीर्द आणि खतावणी यांतला भेद येथे कोणास समजावून सांगावा लागू नये. रोज आलेल्या-गेलेल्या रकमांची क्रमवार नोंद ती कीर्द. आणि त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवून अखेरीस येणे किती, देणे किती, बुडीत किती, हे उघड करणारी वही ती खतावणी. चाटी गल्लीतल्या कोणत्याही जुन्या व्यापाऱ्याने केवळ कीर्द ठेवून धंदा वाढल्याची ग्वाही दिली असती, तर त्याच्या मुनिमानेच त्याला वेड्यात काढले असते. आमच्या ध्येयवादी मित्रांच्या तक्त्यांत जे जे आहे ते सगळे कीर्दीतले आहे. किती रोपणे केली, किती तास व्याख्याने ऐकली, किती श्रेयांक दंतपरिषदेच्या दफ्तरी जमा झाले, किती रुग्ण आले. यांपैकी प्रत्येक आकडा वैद्याने काय केले ते सांगतो. रुग्णाच्या तोंडात पुढे काय झाले याविषयी तो चकार शब्द काढत नाही.

गंमत अशी की, ज्या दंतरोपणाच्या संख्येचे हे मित्र एवढे अप्रूप बाळगतात, त्या विद्येचा इतिहासच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी टायटॅनियमचे रोपण मनुष्याच्या जबड्यात प्रथम बसवले ते १९६५ साली. त्यानंतर बराच काळ दंतवैद्यकाच्या जगाने त्यांच्याकडे संशयाने पाहिले, कारण हाडात धातू बसवण्याचे त्यापूर्वीचे बहुतेक प्रयोग फसले होते आणि फसलेल्यांचा हिशेब देण्याची कोणाची तयारी नव्हती. हा संशय वितळला तो नव्या यंत्रामुळे नव्हे. त्यांच्या चमूने १९८१ साली तब्बल पंधरा वर्षांच्या पाठपुराव्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, ज्यात किती रोपणे बसवली याच्याच शेजारी किती टिकली आणि किती निसटली हे मांडलेले होते. आणि पुढल्याच वर्षी टोरांटो येथे भरलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील विद्वानांनी त्याचे निष्कर्ष मानले. १९८६ साली रोपणाच्या यशाचे जे निकष मांडले गेले, त्यांतला एक असा होता की, पहिले वर्ष उलटल्यानंतर रोपणाभोवतालच्या हाडाची झीज वर्षाकाठी ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी असावी. आता भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपुढे उभे राहून आम्ही एवढेच विचारतो की, आपण गेल्या पाच वर्षांत बसवलेल्या रोपणांपैकी कितींची ही झीज आपण मोजली आहे? मोजण्यासाठी दरवर्षीचे क्ष-किरण चित्र लागते, आणि ते काढण्यासाठी रुग्णाला पुन्हा बोलवावे लागते. पुन्हा बोलावलेला रुग्ण कीर्दीत फारशी भर घालत नाही, आणि खरी अडचण बहुधा तीच आहे.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय दंतमूळचिकित्सेचा, म्हणजे लोक ज्याला रूट कॅनल म्हणतात त्या कामाचा. तेव्हा आमच्याच कामातला एक तपशील जवळून पाहू. वहीत प्रत्येक दाढेची एक ओळ असते: दाताचा क्रमांक, सापडलेल्या नलिका, प्रत्येकीची लांबी, भरणीनंतरच्या चित्राची तारीख, आणि अखेरीस एक रकाना, कॅप बसली काय, बसली तर केव्हा. हा अखेरचा रकाना इतर सर्व रकान्यांपेक्षा अधिक वेळा कोरा राहतो. दोन-तीन वर्षांनी जी दाढ उभी चिरफळून परत येते आणि काढून टाकण्यापलीकडे जिचा इलाज उरत नाही, तिच्या ओळीकडे वळून पाहिले तर नलिका व्यवस्थित भरलेल्या असतात, लांबी बरोबर असते, चित्र विद्यार्थ्यांना दाखवावे असे असते. कोरा असतो तो अखेरचा रकाना. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूळचिकित्सेनंतर कॅप न बसलेले दात कॅप बसलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले गेल्याचे आढळले होते. सोलापुरात याचे कारण शोधण्यासाठी आयोवापर्यंत जाण्याची जरूर नाही. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून येणाऱ्या विडी कामगार बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. दवाखान्याची प्रत्येक खेप म्हणजे तेवढ्या विड्या वळायच्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला ठणका थांबतो, ठणका थांबला की दात बरा झाला अशी तिची साहजिक समजूत होते, आणि कॅपसाठी बाजूला काढलेले पैसे पोराच्या शाळेत जातात.

अशा परिस्थितीत या विशेषज्ञाने आपल्या प्रगतीचे ध्येय काय ठरवावे? ध्येयवाद्यांचा तक्ता सांगेल की, नव्या धर्तीच्या फिरत्या कानशींचा अभ्यासक्रम करावा आणि महिन्याकाठी दाढांची संख्या वाढवावी. खतावणी सांगते की, खेपा कमी कराव्यात, मूळचिकित्सा आणि कॅप यांची रक्कम पहिल्याच दिवशी एकत्र सांगावी, आणि कॅपचे माप शेवटच्या भरणीच्याच दिवशी घेण्याची सोय करावी. एका भेटीत पुरी केलेली मूळचिकित्सा आणि अनेक भेटींत केलेली मूळचिकित्सा यांच्या यशात, अनेक चाचण्यांची एकत्र छाननी करूनही, लक्षणीय फरक आढळलेला नाही. पहिल्या काही दिवसांत दुखण्याचा संभव एका भेटीच्या उपचारात थोडा अधिक असतो, एवढेच. म्हणजे शास्त्राची आडकाठी नाही. आडकाठी असलीच तर ती ‘परवा या’ म्हणण्याच्या सवयीची आहे.

आम्ही अभ्यासक्रमांचे वैरी नाही, हे येथेच नमूद करणे बरे. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नलिका निम्म्याहून अधिक वेळा असते, आणि नुसत्या डोळ्यांना ती सहज गवसत नाही. ज्याच्या वहीत परत आलेल्या दाढांपैकी बऱ्याचशा नेमक्या याच जागेच्या असतील आणि नलिकांच्या रकान्यात तीनचाच आकडा पुन्हा पुन्हा दिसत असेल, त्याने खुशाल पुण्या-मुंबईस जावे, सूक्ष्मदर्शकाखाली काम शिकावे, जमल्यास तो विकतही घ्यावा. तेथे शिकण्याचे प्रयोजन रुग्णाच्या दाताने दिलेले असते. परंतु जो अभ्यासक्रम कोणी तरी केला म्हणून आपणही करायचा, ज्याच्या हजेरीपटावर सही ठोकून दुपारच्या भोजनानंतर मागच्या दाराने निघून जायचे, आणि ज्याचे श्रेयांक घरी पोहोचण्याआधी दफ्तरी जमा व्हायचे, त्याला व्यावसायिक प्रगती म्हणणे ही निव्वळ मखलाशी आहे.

ध्येयवाद्यांच्या नेमके उलट टोकाला उभा असलेला एक पक्ष आमच्या बाजूने बोलत असल्यासारखा भासतो. त्याचीही रुजुवात करून टाकू. हा पक्ष म्हणतो की ध्येये नकोत आणि वह्याही नकोत, तीस वर्षांचा अनुभव पुरेसा आहे. आमचे रुग्ण समाधानी असतात, हे आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो. पाहता हे खरे. पण पाहता कोणाला? ज्याची दाढ टिकली तो सहा महिन्यांनी बायकोला घेऊन येतो आणि नमस्कार करतो. ज्याची दाढ गेली तो रागावून भांडायला येत नाही. सोलापूरचा माणूस तेवढा भिडस्त आहे. तो मुकाट्याने दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. त्यामुळे वैद्याच्या स्मरणात केवळ यशस्वी उपचारांची गर्दी होते आणि त्याचा आत्मविश्वास वयाबरोबर वाढत जातो. लिहून न ठेवलेला अनुभव असा एकाच बाजूला झुकतो. तेव्हा अनुभववादी आणि ध्येयवादी हे वरकरणी परस्परांचे विरोधक असले तरी, निष्पत्तीची मोजदाद टाळण्याच्या बाबतीत त्यांच्यात संपूर्ण एकवाक्यता आहे.

यापुढचा मुद्दा आमच्या दृष्टीने सर्वांत वजनदार आहे. दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या आपल्याकडे नऊ शाखा आहेत, आणि विशेषज्ञाची ध्येये स्वाभाविकपणे आपापल्या शाखेच्या कुंपणात आखली जातात. दात सरळ करणारा तारांचे प्रकार मोजतो, हिरड्यांचा वैद्य हिरड्या मोजतो, आम्ही नलिका मोजतो. पण सोलापूरच्या तोंडाला हे कुंपण ठाऊक नाही. या शहरात मावा चघळणाऱ्यांची वाण नाही; गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण चौकाचौकांत घोटले जातच राहिले. सुपारीमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतूंचे कठीण पट्टे तयार होतात, गाल पांढुरके आणि चामड्यासारखे ताठ होतात, आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन १९५२ साली पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांवरून प्रथम झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेल्या नावाच्या जवळचे नाव दिले. त्यातून पुढे कर्करोगही उद्भवू शकतो. याची पहिली तक्रार रुग्ण काय करतो, तर तिखट सोसत नाही. ज्या गावात शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे पोटभर जेवण समजले जाते, तेथे विशीतला एखादा पोरगा चटणी ताटाबाहेर सारू लागला, तर घरच्यांना ते पित्त वाटते. विशेषज्ञाला ते पित्त वाटता कामा नये. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमधून आत जातात काय, हे पाहायला काही क्षण लागतात आणि यंत्र एकही लागत नाही. केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासण्याने तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू घटले. आरोग्यसेवकाने जे साधले ते पदव्युत्तर पदवीधराच्या ध्येयांच्या यादीत एका ओळीचीही जागा मिळवू नये, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

कोणी म्हणेल, ही सारी मोठ्या शहरांतल्या, मोठ्या संस्थांच्या हातची कामे. जिल्ह्याच्या गावातल्या एकांड्या वैद्याने मोजून मोजून काय मोजावे? या आक्षेपाला उत्तर आमच्याच जिल्ह्यात उभे आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी डॉ. नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे राहिले, आणि १९८७ साली तेथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील खेड्यांतून तेथील कार्यकर्ते दारोदार फिरले, कर्करोगाविषयी बोलले, संशयितांना रुग्णालयात पाठवले. आणि काही वर्षांत असे दिसून आले की, गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आहे. याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर याच कर्करोगाच्या तपासणीची ती विख्यात चाचणी झाली, जिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर प्रमाण मानले गेले. बार्शीकरांनी आरंभी ध्येय म्हणून काय ठरवले होते? आपल्या टापूत कोणाला, कुठे, कोणत्या अवस्थेत रोग होतो, हे नीट लिहून काढायचे, इतकेच. जगाने त्यांना ओळखले ते या नोंदीमुळे. आणि बार्शी सोलापूरच्या खुर्चीपासून दोन तासांच्या आत आहे.

आणखी एका ध्येयाचा उल्लेख करतो, जे आजपर्यंत एकाही तक्त्यात आमच्या पाहण्यात आले नाही. या शहराच्या पूर्व भागात घराघरांतून तेलुगू बोलली जाते. अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडच्या इंडी-आळंदहून येणारा रुग्ण कन्नड बोलतो. दुखणे कोठून कोठे जाते, गरम लागते की थंड, रात्री जाग येते की चावताना कळ येते, याच चार प्रश्नांवर आमचे निम्मे निदान उभे असते, आणि ते प्रश्न आम्ही दुभाष्या मुलामार्फत विचारतो. याच सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमध्ये गेले आणि १९४२ साली तेथेच मृत्यू येईपर्यंत रुग्णांशी बोलता यावे एवढ्यासाठी चिनी भाषा शिकून लिहू-वाचू लागले. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या शहरातल्या विशेषज्ञाला पूर्व भागातल्या अशोक चौकापुरती तेलुगू शिकण्यास कोणता अभ्यासक्रम आडवा येतो?

कर्जाविषयी थोडक्यात. त्रिमितीय यंत्र घ्यावे, दुसरी खुर्ची घ्यावी. त्याला आमची ना नाही. पण बँकेच्या हप्त्याला हप्ताच म्हणावे, त्यावर ध्येयाचा मुलामा चढवू नये. हप्ता भरायचा असतो म्हणून यंत्राला काम लागते, काम लागते म्हणून चित्रे काढली जातात, आणि महिन्याचा रोपणांचा आकडा गाठायचा म्हणून मूळचिकित्सेने वाचू शकणारा दात एखाद्या दिवशी काढण्याच्या यादीत जाऊन बसतो. हे प्रत्येक जण करतो, असे आम्ही म्हणत नाही. आकडा आधी ठरवला आणि रुग्ण नंतर आला, की हा मोह उभा राहतो, इतकेच म्हणतो. आणि ज्या पद्धतीत मोह अंगभूत आहे तिला प्रगतीची पद्धत म्हणायला आमची तयारी नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि म्हणून आदरणीय. रुग्ण परत येतच नाहीत, मग खतावणी भरायची कशी? मंगळवेढ्याचा शेतकरी केवळ आमचे कुतूहल भागवण्यासाठी एस. टी. चे भाडे खर्च करणार नाही, हे कबूल. पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला आणि गड्ड्याच्या जत्रेला तो बायकापोरांसह सोलापुरात येतोच. संक्रांतीच्या आधी त्याला फोन करावा, दोन वर्षांपूर्वीच्या दाताचे चित्र फुकट काढून देऊ असे सांगावे, आणि होम मैदानाकडे जाता जाता दवाखान्यात डोकावून जा अशी विनंती करावी. सगळे येणार नाहीत. जे येणार नाहीत त्यांना फोनवरच विचारावे, दात आहे की काढला. काढला असेल तर कोणी व का. याला खर्च येतो तो एका मदतनिसाच्या काही दुपारींचा आणि थोड्या मानभंगाचा.

तेव्हा आमच्या व्यवसायबंधूंना आमची एकच विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत पुढील पाच वर्षांच्या ध्येयांचे तक्ते वाचण्यापूर्वी, प्रत्येकाने आपल्या शाखेतले दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात केलेले सर्व उपचार घ्यावेत, त्यांतले किती टिकले, किती गेले आणि कितींचा पत्ताच नाही, हे तीन आकडे एका कागदावर लिहून आणावेत, आणि त्याच कागदावर गेल्या महिन्यात तपासलेल्या किती तोंडांत तीन बोटे गेली नाहीत तेही लिहावे. कागदावर नाव घालण्याची जरूर नाही. हे कागद वाचून झाल्यावर दुसऱ्या खुर्चीचा विषय सभेपुढे खुशाल घ्यावा. आमची हरकत राहणार नाही.